वहिनींनी घरात घेतलेली बाई

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या चर्चचे आदरणीय पाळकसाहेब, व्यासपीठावरील मंडळीचे वडीलजन, महिला संघाच्या भगिनी, शिशुवर्गाच्या आजी-माजी शिक्षिका, पालकहो, मघापासून चुळबुळ करणारे बालमित्र, आणि आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांना तुम्ही सगळे मोठ्या बाई म्हणता आणि मी वहिनी म्हणतो, आपणा सर्वांना प्रभूच्या नावाने नमस्कार.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी वहिनींच्या शिशुवर्गाबद्दल इतकं सुंदर सांगितलं की मला काही उरलंच नाही. माझा धंदा चष्म्यांचा, बोलण्याचा नव्हे. तरीही दीर म्हणून माझ्याकडे एक गोष्ट आहे. ती तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, पण चारचौघांत कुणी बोललेलं नाही.

माझे थोरले भाऊ, दादा, लग्नानंतर थोड्याच वर्षांत वहिनींना सोडून गेले. ज्या छापखान्यात ते कामाला होते, तिथेच पुस्तकबांधणी करणाऱ्या एका बाईंबरोबर गेले. दुसऱ्या गावी त्यांनी संसार मांडला आणि तिथेच ते वारले. वहिनींना मूलबाळ नव्हतं. त्यांनी शिशुवर्ग हाती घेतला, आणि तो किती मायेने चालवला ते आपण पाहिलंच आहे.

पुढे एकदा मला त्या गावच्या दवाखान्यातून फोन आला. एक वयस्कर बाई बाजारात भटकताना सापडली होती. तिची स्मृती गेली होती, स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. सांगता येत होतं ते फक्त दादांचं नाव आणि आमचं आडनाव. त्यावरून त्यांनी मला शोधून काढलं.

मी वहिनींना सांगायला गेलो. त्या शाळेसाठी रंगीत कागदाचे मासे कापत बसल्या होत्या. मी बोलत राहिलो, त्या कापत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिला चालता येतं का? आपल्याकडे जिना आहे."

आमच्या आत्यांना हे कळलं तेव्हा त्या तडक आल्या. "अगं, सवत ती. निखारा पदरात बांधून घेतेस?"

वहिनी म्हणाल्या, "आत्या, ती आता कुणाची सवत उरलीच नाही. तिला स्वतःचं नाव आठवत नाही."

आणि ती बाई वहिनींच्या घरी आली. मंडळीत काहींनी वहिनींना वेडं ठरवलं, काहींनी संत. दोघेही लांबूनच बोलले. एखाद्याला संत म्हटलं की एक सोय होते, त्याच्या घरी बाह्या सरसावून मदतीला उभं राहावं लागत नाही. हळूहळू वहिनींकडचं येणं-जाणं आटलं. मी शनिवारी जात असे, तेवढाच काय तो पायरव.

एका शनिवारचं सांगतो. संध्याकाळ होती. ती बाई खिडकीशी बसली होती. तिने विचारलं, "हे अजून आले नाहीत?"

"वाटेत असतील," वहिनी म्हणाल्या. "तोवर दूध घ्या."

दूध पिता पिता ती दादांबद्दल सांगू लागली. ते तिचे केस विंचरून द्यायचे, सुट्टीच्या दिवशी तिला नदीवर न्यायचे, रागावले तरी जेवताना तिचं ताट आधी वाढायचे. वहिनी तिच्या पायांना तेल चोळत होत्या. हे सगळं ज्या बाईच्या वाट्याला आलं नाही, तीच ऐकत होती. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मग ती म्हणाली, "बाई, तुमचं लग्न झालंय का हो?"

"झालं होतं."

"कसे होते तुमचे हे?"

वहिनींचा हात थांबला. "तुमच्या ह्यांच्यासारखेच," त्या म्हणाल्या, आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.

नंतर स्वयंपाकघरात मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला हिच्याबद्दल माया वाटते का?"

"भाऊजी, सुरुवातीला मुळीच वाटली नाही. पण माया वाटायची वाट बघत बसले असते, तर तिची अंघोळ राहिली असती."

मंडळी, प्रीतीवरची प्रवचनं मी लहानपणापासून ऐकतो आहे. पाळकसाहेब क्षमा करोत, पण इतकं थोडक्यात मला कुणीच समजावलं नव्हतं.

ती बाई गेल्या वर्षी झोपेतच गेली. दफनाला आम्ही तिघेच होतो, पाळकसाहेब, वहिनी आणि मी. पाळकसाहेबांनी विचारलं, "पहिली मूठ माती कोण देणार?" वहिनी पुढे झाल्या.

मला वाटलं, आता तरी त्यांचा जीव मोकळा होईल. महिन्याभरानंतरच्या एका शनिवारी गेलो, तर वहिनी त्याच खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हटलं, "प्रभूने तुम्हाला शांती दिली असेल."

"घर खायला उठतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमचे दादा गेल्यापासून माझ्यासमोर त्यांचं नाव कुणी काढत नाही. मी दिसले की सगळे विषय बदलतात. त्यांच्याबद्दल माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती."

आता वहिनी हे गाव सोडून भाचीकडे राहायला जाणार. आज भाषणाआधी मला हळूच सुचवण्यात आलं होतं की दादांचा विषय नको, वहिनींना वाईट वाटेल. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण आज मी ऐकणार नाही.

वहिनी, दादा चुकले. फार चुकले. पण लग्न ठरायच्या आधी तुम्ही तुमच्या घरच्यांबरोबर आमचं घर पाहायला पहिल्यांदा आलात, त्या दिवशी सकाळी ते आरशासमोर उभे राहून एकच वाक्य घोकत होते, "तुम्ही चहा घेणार का?" मी पलंगाखाली लपून ऐकत होतो. तुम्ही आलात, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "तुम्ही मला घेणार का?" तुम्ही म्हणालात, "आधी चहा तर द्या." पाहुणे गेल्यावर दादा मागच्या पायरीवर जाऊन बसले आणि मला म्हणाले, "अरे, ती हसली." दिवसभर तेच म्हणत होते. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

माझ्याकडे अशा आणखी पुष्कळ आठवणी आहेत. भाचीच्या घरी फोन आहे ना? शनिवारी करीन.

अध्यक्षांनी वेळ दिला आणि आपण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. घरातलं बोलणं सभेत आणलं, त्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घाला. वहिनी, डोळे पुसा, चष्मा ओला होतोय.