फोटोतला संडास

आमच्या घरी संडास आहे, हे मला ग्रामपंचायतीत कळलं. माय रोज पहाटे डबा घेऊन, वाघाला घाबरत जंगलाकडे जाते, आणि रजिस्टरात 'शौचालय : आहे'! म्हणून नवा मंजूर होईना.

मी ग्रामसेवकाला म्हटलं, "नोंद खोटी आहे, बदला."

त्याने फाईलमधला फोटो पुढे केला. चकाचक संडास, आणि दारात इस्त्रीचा शर्ट घालून हसणारे बाबा.

"हे तुझेच बाबा ना?"

बाबा आमचेच होते, संडास सरपंचाचा होता.

घरी येऊन मी भडकलो. "दुसऱ्याच्या संडासापुढे काऊन उभे राह्यले?"

"सरपंचभाऊ म्हणे, सगळ्या गावात संडास झाले असं दाखवाचं हाय. सही कर म्हणे, न वाचताच केली. मोठ्या माणसाले नाई कसं म्हणाचं?"

अख्खी पिढी अशीच हो म्हणत म्हातारी झाली.

माय दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन थेट सरपंचाच्या अंगणात गेली.

"बाई, इथी कुठी?" सरपंचाने विचारलं.

"आमच्या संडासात. कागदावर आमचाच हाय. तुमाले घाई असन तं माह्यानंतर जा."

दुपारी ग्रामसेवक नोंदीच्या दुरुस्तीचा कागद घेऊन घरी आला. बाबांनी तोही न वाचताच सही केली.