अज्जी पेंगली, ते पान गळालं

सभेचे अध्यक्ष पद्मनाभराव, काळ्या जादूची ती एवढी जाड कादंबरी लिहिणारे आपले वादिराजअण्णा, मंचावरची सगळी मानाची माणसं, आणि समोर दाटीवाटीनं बसलेले तुम्ही सगळे, त्यात मागच्या रांगेतली माझी शेजारीण सकवारबाईसुद्धा, सर्वांना या म्हातारीचा नमस्कार.

सत्कार माझ्या नातीचा, मैत्रेयीचा. कादंबरीचा सिनेमा तिनं लिहिला. पाचवा आठवडा चालू आहे, अजून तिकीट मिळत नाही! मी दोनदा पाहिला. आत थंडी फार, शाल न्या.

माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही कन्नड. सहाशे पानं मी कुठली वाचणार? दुपारी जेवणं झाली की मैत्रेयी वाचायची, मी ऐकायची. गोष्ट एका चेटकिणीची. मेलेल्या मुलाला जिवंत ठेवायला ती गावातल्या माणसांच्या सावल्या चोरते. बाकी अकरा राज्यं, लढाया, कोण राजा कुणाचा पुतण्या. डोळा लागणार नाही तर काय? आणि मी पेंगले की ही पोरगी त्या पानावर पेन्सिलीनं फुली मारायची! दुसऱ्या दिवशी मी सकवारबाईला जी गोष्ट सांगायची, ती ही दाराआड बसून लिहून घ्यायची. अकराच्या अकरा राज्यं अशी सिनेमातून गेली.

अण्णांना मात्र राज्यं हवी होती. दोनदा लिहिलेलं परत आलं. तिसऱ्यांदा निरोप, "सोमवारी येतो, सिनेमाला पुस्तक देणार नाही म्हणून सांगायला." पोरीनं यापायी चांगली नोकरी सोडलेली. दोन दिवस धड जेवली नाही. अशा पोरीला आजीनं काय सांगावं, तुम्हीच सांगा?

सोमवारी अण्णा चामराजपेटेत आमच्या घरी आले. मैत्रेयी कॉफी करायला आत. मी मागच्या दारी अवरेच्या शेंगा सोलत होते, आणि सकवारबाई खनपटीला बसलेली, "अक्का, त्या मेल्या चेटकिणीचं शेवटी काय झालं गं?"

म्हटलं, "काय होणार? तिनं जेवायला वाढलं, आणि मुलगा ताटावरून उठला. म्हणाला, आई, दुसऱ्यांच्या सावल्या पांघरून मला जगायचं नाही."

मागून आवाज आला, "अक्का, हे माझ्या पुस्तकात नाही. तिथं ती युद्धात जळून मरते."

"स्वल्प घाई केलीत तुम्ही," मी म्हटलं. "आई आहे ती. एवढ्यात कशी मरेल?"

मैत्रेयी दारात, हातात कॉफी, चेहरा पांढराफटक. आणि अण्णा? खाली बसले. एक शेंग उचलली, सोलली. म्हणाले, "मग? पुढं काय झालं?"

ऐकलंत? लिहिणारा माणूस विचारतो, पुढं काय झालं! तिथंच जिंकली माझी पोरगी. पुढचं तुम्ही पडद्यावर पाहिलंत. ती दारोदार जाऊन एकेक सावली परत ठेवते, तेव्हा थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मंडळाचे, अध्यक्षांचे, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. अण्णा, तुमची माफी मात्र वेगळी मागायची आहे. तुम्ही जिथं तिथं सांगता, अज्जींनी शेवट बदलायचं धाडस केलं. धाडस कसलं? शेवटचं प्रकरण वाचलं जात होतं तेव्हा मी "हूं, हूं" करत गाढ झोपले होते. सकवारबाईनं विचारलं, तेव्हा मला शेवट ठाऊकच नव्हता.

सरी, ठीक आहे, सांगून टाकलं. मैत्रेयी, त्या प्रकरणावर फुली मारायची राहिली बघ.