पर्स कोण सांभाळणार?

पॉला : रिकामी कर म्हटलं ना मी? हलवू नकोस नुसती. पूर्ण उलटी कर टेबलावर.

लिओना : टेबल पेलेल का पण? तुझ्या बाबांनी केलंय ते. दुसऱ्या बिअरनंतर पाय बसवले होते.

पॉला : आई, चेष्टा नको. मी शिकागोहून एवढ्या बर्फात गाडी हाकत आले ती याच कामाला. वर्षानुवर्षं सांगतेय तुला, सामान कमी कर, आणि तू ढिम्म. आणि परवा एकदम फोन, ‘पॉला, मला तुझ्यासारखी छोटी पर्स आण.’ मी रडायचीच बाकी होते.

लिओना : रडलीसच. ऐकू आलं मला. नाक पुसायला जवळ काही नव्हतं तेही ऐकू आलं.

पॉला : मी टिश्यू बाळगत नाही. माझ्या पर्समध्ये सहा वस्तू असतात. फोन, कार्ड, चावी, चष्मा, ओठांचं मलम आणि घडीची पिशवी. संपलं. लोक मला विचारतात, तुला कधीच काही कमी पडत नाही का? मी सांगते, नाही पडत.

लिओना : सातवी वस्तू मी आहे ना.

पॉला : म्हणजे?

लिओना : काही नाही. सरक, उलटी करते.

पॉला : अगं... अगं, हे काय? आई, यात पाना आहे! नळदुरुस्तीचा!

लिओना : हॅटीच्या गाडीचं दार आतून उघडत नाही. बाहेर पडायला लागतो.

पॉला : आणि हे मोजे? पुरुषाचे आहेत हे.

लिओना : फादर स्टॅनचे. ओल्या बुटांनी येतात आणि चर्चमधली सगळी मिस्सा-प्रार्थना शिंकत सांगतात. मग लोकांना कळत नाही, आमेन कुठे म्हणायचं.

पॉला : वा. हा खोकल्याच्या गोळ्यांचा डबा, हा टॉर्च, हा दुसरा टॉर्च...

लिओना : पहिला चालत नाही.

पॉला : मग तो कशाला?

लिओना : दुसरा शोधताना हाताला लागतो. मग कळतं की जवळ आलो.

पॉला : हे बघ, मी आधी तुला तत्त्व समजावते. रोजची पर्स म्हणजे कोठार नव्हे. ती खांद्याला लागता कामा नये. आत हात घातला की न बघता हवं ते सापडलं पाहिजे. आणि दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत.

लिओना : शेवटचं परत सांग.

पॉला : दोन्ही हात मोकळे.

लिओना : हां. तेवढं मला पटलंय.

पॉला : मिनिमलिझम म्हणजे नुसती फेकाफेकी नव्हे, आई. आपल्याला खरं काय हवंय ते ओळखणं.

लिओना : तुझा तो कमीपंथ म्हणजे बारा महिने उपवास. आम्ही निदान ईस्टरला सोडतो.

पॉला : दोन ढीग करू. इकडे कामाचं, तिकडे बिनकामाचं. हा बारका स्क्रू ड्रायव्हर, बिनकामाचा. ही दोऱ्याची रिळं, बिनकामाची. हे... अरे! माझ्या चष्म्याची दांडी निघाली.

लिओना : स्क्रू पडला असेल. बघ टेबलाखाली.

पॉला : सापडला. पण आता हा बसवायचा कशानं?

लिओना : मी काही बोलत नाहीये.

पॉला : ...दे तो स्क्रू ड्रायव्हर.

लिओना : तुझ्याच ढिगात आहे. बिनकामाच्या. असं कर, तुझे दोन ढीग मोड. माणसांप्रमाणे लाव. हे हॅटीचं, हे फादरचं, हे शेजारच्या म्हातारीचं, तिला दिव्याचे बल्ब मिळत नाहीत. आणि हे सगळं तुझं.

पॉला : माझं? हे सगळं?

लिओना : ही तुझ्या शिकागोच्या घराची चावी. दोनदा बाहेर अडकलीस, दोनदा मी राज्य ओलांडून चावी द्यायला आले. दुसऱ्या वेळी नाइटगाऊनवर. या तुझ्या डोकेदुखीच्या गोळ्या. ही तुझ्या फोनची वायर. हे काळे पायमोजे, कारण तुझे प्रत्येक अंत्ययात्रेत फाटतात. ही पिन, तो कंगवा, हा बिस्किटाचा पुडा. भूक लागली की तू माणसात राहत नाहीस.

पॉला : हे मी कधी मागितलं नव्हतं.

लिओना : मागतेस की. ‘आई, तुझ्याकडे असेल ना?’ म्हणतेस. नेहमी असतंच, त्यामुळे ते मागणं वाटत नाही तुला.

पॉला : आणि तुझं काय आहे यात?

लिओना : ही जपमाळ. आणि ते.

पॉला : लिपस्टिक? आई, ही नवीकोरी आहे. लालभडक. ही कधी...

हॅटी : दार उघडा गं! हात भरलेत माझे! गोड तळलेली पोंचकी आणलीयत, अजून गरम आहेत, आलुबुखाऱ्याचा जॅम सगळीकडून गळतोय. येशू, मारिया! दरोडा पडला की काय इथे?

लिओना : ये हॅटी. पॉला माझी पर्स हलकी करतेय.

पॉला : ये आत्या. तो खोका ठेव इकडे. मी साखर सोडलीय, पण वास घेईन.

हॅटी : वास घे बाई, वासाला काही लागत नाही. आणि खा आजच काय ते. उद्या राखेचा बुधवार, उपवास सुरू. गोड बंद, मटण बंद, बाजा बंद, ईस्टरपर्यंत आपण सगळे भुतासारखे फिरणार. लिओना, ही काय पर्स आहे? यात तर माझं नाकही मावणार नाही.

लिओना : माझी आहे. नवी. गळ्यात आडवी अडकवायची. पॉलाने आणली.

हॅटी : दिसते छान. पण आज रात्री चर्चच्या हॉलवर नाचाला मोठीच आण हं. माझ्या सपाट चपला कुठे ठेवणार तू? आणि माझ्या कानाच्या यंत्राची बॅटरी?

लिओना : तुझ्याच पर्समध्ये.

हॅटी : माझ्या पर्समध्ये? माझी पर्स तर तुझ्यापुढे असते.

लिओना : आज नसेल. आज मी पर्स सांभाळायला बसणार नाहीये, हॅटी.

हॅटी : म्हणजे काय? तूच तर बसतेस. बँड सुरू झाला की आम्ही सगळ्या पर्स टेबलावर टाकतो, तू खुर्चीत बसतेस आणि आम्ही पोल्का नाचतो. हे असंच आहे.

पॉला : थांबा थांबा. आई, तू दर वेळी तिथे जाऊन नुसती बसतेस? मला वाटलं, तू नाचायला जातेस.

हॅटी : छे गं, ती कुठली नाचते! तिच्यामुळे तर आमची एक पर्स आजवर चोरीला गेली नाही. पाळलेल्या कुत्र्यासारखी राखते.

लिओना : आज नाचणार आहे.

हॅटी : कुणाबरोबर? माझ्याबरोबर नाच मग, मी पुरुषाची बाजू घेते. मला सवय आहे.

लिओना : बेनीबरोबर.

हॅटी : बेनी? मासेवाला बेनी?

पॉला : कोण बेनी?

हॅटी : तळ्यावर गळाला लावायचे बारके मासे विकतो. जिवंत. बादलीतून.

पॉला : आई, त्याच्या हातांना केवढा वास येत असेल!

लिओना : लिंबानं धुतो. मी विचारलंय.

पॉला : विचारलंय म्हणजे इतकं बोलणं झालंय तुमचं?

लिओना : सगळा हिवाळा तो येऊन विचारतोय, ‘लिओना, एक नाच?’ आणि सगळा हिवाळा मी सांगतेय, ‘पर्स आहेत ना समोर.’ गेल्या खेपेला म्हणाला, ‘मंगळवारी शेवटचं विचारतो. मग नाही विचारणार. मलाही लाज आहे.’ आज मंगळवार आहे.

हॅटी : अगं, पण मग पर्स कोण सांभाळणार?

पॉला : आत्या! तुझ्या भावाची बायको मासेवाल्याबरोबर नाचायला निघालीय, आणि तुला पर्सचं पडलंय?

हॅटी : भाऊ माझा गेला, त्याला मी काय करू? पर्स माझी अजून आहे!

पॉला : मी सांगू का? आई, तू मोठीच पर्स ठेव.

लिओना : काय म्हणालीस?

पॉला : ठेव मोठीच. सगळं परत भर. मी कप्प्यांत नीट लावून देते, म्हणजे सापडेल. वजन काही इतकं नाहीये.

लिओना : हॅटी, ऐकलंस? एवढी वर्षं प्रवचनं ऐकली मी हिची. माझ्या फडताळात शिरून बरण्या मोजल्या हिनं. आणि आज मी दीक्षा घेतली तर गुरुबाईंचा धीर सुटला.

पॉला : मी सामान कमी कर म्हटलं होतं. तू बदल असं नव्हतं म्हटलं.

लिओना : बाबांमुळे बोलतेयस का?

पॉला : नाही. म्हणजे थोडं. आधी मला वाटलं बाबांमुळेच. पण खरं सांगू? मला त्या चावीची भीती वाटतेय. तू ती माझ्यासमोर ठेवलीस ना, ‘हे तुझं’ म्हणून, तेव्हा वाटलं, आता ती मलाच सांभाळावी लागणार. मी जगाला सांगत फिरते, बघा माझं कसं सहा वस्तूंत भागतं. आणि भागायचं कारण तू. मला खूप लाज वाटतेय आई, आणि तरी ती चावी तुझ्याकडेच राहावी असं वाटतंय.

लिओना : मी रागावले नाहीये गं.

पॉला : रागव ना मग. बरं वाटेल.

लिओना : वेळ नाही, केस धुवायचेत. इकडे बघ. तुझे बाबा गेले, त्यानंतर मी पहिल्यांदा नाचाला गेले तेव्हा माझ्याशी काय बोलावं ते कुणाला कळेना. सगळ्या माझ्या आसपास नुसत्या उभ्या. मग हॅटीनं तिची पर्स माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, ‘जरा बघतेस?’ मला इतकं बरं वाटलं! बसायला कारण मिळालं. मग दुसरीनं ठेवली, तिसरीनं ठेवली. कुणाला पिन लागली, कुणाला गोळी लागली, मी आणून ठेवत गेले. मला वाटायचं, पर्स जड आहे म्हणून उठवत नाही. तसं नव्हतं. उठायचं नव्हतं म्हणून मी ती जड करत गेले.

हॅटी : मी मायेनं ठेवली होती गं, लिओना.

लिओना : माहीत आहे. आता उचल.

हॅटी : ...उचलते. पण चपला कुठे ठेवू, ते सांग.

पॉला : माझ्याजवळ दे.

हॅटी : तुझ्या त्या पाकिटात?

पॉला : नाही. आईची मोठी पर्स मी घेते. भर सगळं. पाना पण. फादरचे मोजे पण टाक. हसू नकोस आई.

लिओना : हसत नाहीये. लिपस्टिक लावतेय, तोंड तसं करावं लागतं.

[संध्याकाळ. चर्चच्या तळघरातला हॉल. अॅकॉर्डियन, ढोल, बिअर. कोपऱ्यातल्या टेबलावर पर्सचा डोंगर, त्यामागे खुर्चीत पॉला.]

हॅटी : ती तपकिरी माझी. खालची निळी पण माझीच. माझ्या चपला आत ठेवल्यास ना? हां. नीट राख, त्या हिरव्या कोटवालीवर माझा विश्वास नाही.

पॉला : आत्या, आई कुठे गेली? मासेवाला कुठला?

हॅटी : तो काय, खांबाजवळ. टाय लावलेला. त्याला टायमध्ये मी पहिल्यांदा बघतेय, गळा आवळलाय बिचाऱ्याचा. बघ, निघाला... अगंबाई! ती आधीच उठली. त्यानं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं अजून!

पॉला : अंगानं एवढासा आहे तो.

हॅटी : पण पाय बघ. बादल्या उचलून उचलून तोल आलाय. घेतली गिरकी! येशू, मारिया, लिओनाला येतं अजून!

पॉला : ती हसतेय आत्या.

हॅटी : त्याच्या पायावर पाय दिला असेल.

पॉला : नाही. नुसतीच हसतेय. बाबा असतानाही ती अशीच हसायची का नाचताना? मी कधी बघितलंच नाही, मला लहानपणी इथे कोटांच्या ढिगावर झोपवायचे.

हॅटी : अशीच. तुझ्या बापाला ताल नव्हता, म्हणून जास्तच हसायची. अरे देवा, माझा पट्टा तुटला. पोरी, पिन आहे?

पॉला : थांब... ही घे.

हॅटी : न बघता काढलीस की.

पॉला : हो ना. जा आता, नाच. मी आहे इथे.

लिओना : पॉला! पॉला, लवकर, बँड पुढचं सुरू करायच्या आत. ही घे.

पॉला : काय झालं? ही तर तुझी छोटी पर्स.

लिओना : मधे येते. गिरकी घेतली की त्याच्या बरगडीत बसते. त्यानं दोनदा माफी मागितली, आपटतेय माझी पर्स आणि माफी मागतोय तो.

पॉला : आई, ही मी तीन महिने शोधून आणली. रोजच्या वापराची याहून चांगली पर्स अख्ख्या शिकागोत नाहीये.

लिओना : चांगलीच आहे गं. टेबलावर ठेव, छान दिसेल.

पॉला : आणि हे काय, ही तर रिकामी आहे. काहीच नाही यात. घराची चावी कुठेय तुझी?

लिओना : तुझ्याकडे. मोठ्या पर्समध्ये, डावा कप्पा, बल्बच्या मागे. बाजा संपल्यावर तू हॅटीला घेऊन घरी जा. बेनी म्हणतोय, तो मला सोडेल.

पॉला : अगं, पण मग तू आत कशी येणार?

लिओना : तू जागी राहा. मी नाही का राहायचे?