सिदूला पाटी द्यावी का न्हाय

...आन मलाच म्हणत्यात, गुरुसिद्धप्पा, तू गप बस, तुला खेळातलं काय कळतंय, तू आपला च्या उकळ! अय्यो! च्या उकळतो म्हणून काय डोळं बी उकळलं व्हय माजं? तुमाला सांगतो, गिरणीच्या दरवाजासमोर माजं दुकान, दुकानाच्या मागं मैदान, आन सांजचा भोंगा झाला की ह्या डोळ्यांपुढं रोज आट्यापाट्या! दुसरं बगायला हाय काय हितं? धुराडं? तर सांगायचं म्हंजे, सिदूवानी पाटी धरणारा गडी ह्या सोलापुरात झाला न्हाय. आसं मी म्हणत व्हतो. छाती ठोकून म्हणत व्हतो. आता... आता जाऊ द्या. बसा. बसा तर खरं, च्या टाकतो.

तुमी भायेरगावचं दिसताय, म्हणून सांगतो. पाटी म्हंजे जिमिनीवर आखलेली आडवी रेघ. आशा रेघा एकामागं एक. दर रेघेवर एक गडी उभा, हात पसरून. त्येनं रेघ सोडायची न्हाय. समोरच्या संघानं त्येला हुलकावणी द्यायची, त्येचा हात अंगाला लागू द्यायचा न्हाय, समद्या पाट्या वलांडून पार पलीकडं जायाचं, आन तसंच उलटं परत यायचं. परत आला की आरोळी ठोकायची, लोण! लोण झालं की पाटीवाल्यांचं तोंड काळं. एवढाच खेळ. पण त्यातली मदली पाटी हाय न्हवं, तितं गडी कच्चा आसला की संपलं, समदा संघ पाण्यात! आन आमच्या गिरणीच्या संघात ती मदली पाटी कुणाला? मेव्हण्याला!

कुणाच्या म्हंजे? शिवलिंगप्पाच्या! शिवलिंगप्पा म्हंजे साचेखात्याचा, मागांच्या खात्याचा, जाबर. जाबर म्हंजे समजा, गिरणीतला देव... न्हाय, देव परवडला, देव निदान नवसाला पावतो. ह्येनं ठेवला त्यो कामावर, ह्येनं काढला त्यो रस्त्यावर. संघाचा कप्तान बी त्योच, दुसरं कोण व्हणार? आन नागप्पा त्येच्या बायकोचा धाकटा भाऊ. नागप्पा माणूस वाईट न्हाय हो, माज्याकडंच दोन येळा च्या पितोय, पण त्येला वळायचं म्हंजे... बैलगाडी वळवायला बी एवढी जागा लागत न्हाय! समोरचा गडी डावीकडनं निसटून, पलीकडं जाऊन, धोतर सावरून, मिशीला पीळ देऊन उभा ऱ्हायला, तरी ह्येचं आपलं वळणं चाललेलंच! लोकं हसत्यात. शिवलिंगप्पा वरडतोय, "शाब्बास नागप्पा! थोडक्यात हुकला!" थोडक्यात? आरं कोस-दीड कोसानं हुकला की त्यो!

आन सिदू? सिदू धनगर. वळसंगचा. त्येचा बाप तात्याबा तितं मेंढरं राखतोय, मेंढरांवर घर भागंना म्हणून ह्यो हितं गिरणीत आला, बायकोला घिऊन, मायाक्का तिचं नाव. बोलायला गरीब. शिवी आली तरी "व्हय जी" म्हणणार. पण रोजच्या सरावात ह्येला पाटीवर उभा करा आन मग बगा! हात नुसतं पसरत न्हाय त्यो, हात मोकळं सोडतोय, गुडघ्यात वाईच वाकतोय, आन समोरच्याच्या डोळ्यांकडं बगतच न्हाय. पायाकडं बगतोय! मी इचारलं एकदा, आरं, पायाकडं का रं? तर म्हणतोय, "आप्पा, डोळं लबाडी करत्यात. मेंढरू बी डोळ्यानं हिकडं दावतंय आन तिकडं पळतंय." एकदा तर सरावात खुद्द शिवलिंगप्पाला आडवलं त्येनं. तीनदा हूल दिली जाबरानं, तिन्ही येळा सिदूचा हात छातीवर! मी हितनं टाळ्या वाजवल्या, च्या उतू गेला, गेला तर गेला!

पण सामना आला, पाटी कुणाला? मेव्हण्याला!

आन सिदू कुटं? भायेर! खांद्यावर घागर, गड्यांना पाणी पाजतोय! मला न्हाय ऱ्हवलं. गेलो म्या शिवलिंगप्पाकडं. म्हणलं, जाबरसायब, सिदूला एक डाव द्या की. तर पान चघळत काय म्हणतोय, "गुरुसिद्धप्पा, त्यो पोरगा चांगलाय रे, हातपाय चांगलं हाईत, पण सामना म्हंजे डोस्कं लागतं. पुढच्या बारीला बगू." पुढची बारी आली. पुढच्या बारीला बगू. त्येच्या पुढची आली. पुढच्या बारीला बगू! दोन सालं झाली, पुढची बारी काय पुढनं अलीकडं येईना!

आन सिदूला म्हणलं, आरं तू तरी तोंड उघड, तर ह्यो मलाच समजावतोय, "आसू द्या आप्पा. नागप्पा बी चांगलं खेळत्यात." शिवशिवा! कपाळावर हात मारून घेतला म्या. पण तुमाला सांगतो, सामना सुरू झाला की त्यो घागर खाली ठेवायचा, आन भायेर, रेघेच्या भायेर बरं का, नागप्पाच्या बरोबरीनं गुडघ्यात वाकायचा. नागप्पा हुकला की ह्येचा हात पुढं यायचा. हवेत! कुणाचं ध्यान नसायचं. माजं असायचं. 

मग ह्या साली संक्रांतीला गड्ड्याची जत्रा आली, जत्रंतला सामना आला, चांदीची ढाल लागलेली, समोर स्टेशनाकडच्या गिरणीचा संघ. आन त्याच आठवड्यात वळसंगनं सांगावा आला, तात्याबाचं गुडघं गेलं, उठवत न्हाय, मेंढरांमागं कोण जाणार? म्हंजे झालं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सिदूनं बिऱ्हाड हलवायचं, गिरणी सोडायची, कायमची. त्यो मला म्हणला, "आप्पा, एकदा तरी..." एवढंच. कपबशी धुवून ठेवली आन गेला. त्येनं जलमात कुणाकडं काय मागितलं न्हवतं, आन मागितलं कुणाकडं? माज्याकडं! मी काय जाबर हाय?

पण देव बगा कसा! संक्रांतीची शेंगापोळी! नागप्पा भैनीकडं जेवाय गेला, भैनीनं लाडक्या भावाला वाढल्या शेंगापोळ्या, वर तूप, आजून एक घे, माजी शपथ हाय, आजून एक घे... आन सामन्याच्या दिवशी दुपारी नागप्पा कुटं? तांब्या घिऊन पळतोय! पाटीवर न्हवं, वड्याकडं! शिवलिंगप्पा लालबुंद. हिकडं बगतोय, तिकडं बगतोय, शेवटाला दात चावून म्हणतोय, "सिदू, घागर ठेव. हो उभा."

मी दुकान उघडं टाकून पळालो. मायाक्का बी आलेली, बायांच्या घोळक्यात, डोईवर पदर घट्ट. तिनं कदी खेळ बगितलेला न्हवता. मला इचारतीया, "आप्पा, ह्यास्नी मारत न्हाईत न्हवं?" म्हणलं, बाई, आज ह्योच मारणार हाय, तू बग!

आन काय खेळला वो! काय सांगू तुमाला! एक आला, हात. दुसरा आला, हात. तिसरा हूल द्यायच्या आदीच ह्येचा हात तितं तयार, जणू त्येला बोलावणं धाडलं व्हतं! लोकं उभी ऱ्हायली. मैदान नुसतं गरजतंय, सिदू! सिदू! शिवलिंगप्पा बी वरडतोय, "माजा गडी! मी तयार केलेला गडी!" ऐका! तयार केला म्हणे!

दोन्ही संघ बरुबरीत आलं. पंच घड्याळ काढून बसलेला. समोरच्यांचा एकच गडी उरला, धुळाप्पा, लई चपळ. ह्यो मगाशी, सिदू दुसऱ्याला आडवत व्हता तवा, निसटून पलीकडं गेलेला, आन आता परत यायचं व्हतं. त्येला सिदूनं आडवला की ढाल आमची. उलटा पळत आला, मागच्या पाट्या वलांडल्या, सिदूच्या पाटीफुडं आला... आन पडला. पाय मुरगळला. उठला, पाय वढतोय, तोंड वेडंवाकडं, आई गं, आई गं करत, एक पाय टेकतोय, एक वढतोय, तसाच सिदूकडं येतोय.

आन सिदूनं...

थांबा. च्या उतू चाललाय, वाईच उतरवतो.

सिदूनं हात खाली घेतलं. तुमाला म्हणून सांगतो, धनगराचं कसं असतंय, सांजचं मेंढरं वाड्यात घालताना ह्यो दाराशी उभा, उनाडाला आडवतोय, दुसऱ्याचं घुसलं त्येला आडवतोय, पण लंगडं आलं की आडवायचं न्हाय! लंगड्याला आदी वाट. ल्हानपणापासनं हाताला तेच वळण. पायाकडंच बगणारा गडी त्यो, त्येला पायच दिसला! बाजूला सरला, वाईच वाकला, आन जिभेनं आवाज काढला, मेंढराला काढत्यात तसला, चुक चुक, चल, चल... आन धुळाप्पाला वाट करून दिली. समद्या मैदानादेखत!

रेघ वलांडली आन धुळाप्पा हरणावानी सुटला! फुडच्या गड्यांनी काय समजायच्या आत पहिल्या पाटीभायेर! लोण! दोन्ही पायांवर नाचतोय भाड्या!

मग काय व्हणार? चप्पल आली, शिवी आली, माती आली. शिवलिंगप्पा छाती काढून फिरतोय, "म्हणून ह्येला भायेर बसवत व्हतो! आता कळलं? म्हणून बसवत व्हतो!" आन समदी माना डोलावत्यात, व्हय जाबरसायब, बरुबर जाबरसायब. दोन सालं मी भांडलो हो ह्या माणसासंगं! एका लंगडण्यात त्यो खरा आन मी खोटा!

मी सिदूकडं गेलो. चिडूनच गेलो, खोटं कशाला बोलू. म्हणलं, आरं गाढवा, सोंग व्हतं ते! त्येचा पाय धड हाय! तर माज्याकडं बगतोय, अंगावर माती, कपाळाला खोक, आन म्हणतोय, "धड हाय? बरं झालं आप्पा. मला वाटलं मोडला."

आता ह्येला काय म्हणावं? तुमी सांगा! ढाल गेली, आब्रू गेली, आन ह्यो म्हणतोय बरं झालं!  पुढच्या साली पाटी कुणाला? मेव्हण्याला. आन मी एक शबूद बोलू शकणार न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोगं बोचकी घिऊन दुकानावरनं चाललेली. सिदूची मान खाली. मायाक्का थांबली. तोंडावर हे हसू! म्हणती, "आप्पा, आमचं ह्ये लई चांगलं खेळलं न्हवं? येवडी आडवली, आन त्यो बिचारा लंगडा आला तवा कशी वाट दिली, बगितलं का? तर माणसं चिडली, का कुणास ठावं. मामंजींना समदं सांगणार हाय मी."

सिदू तिच्या मागनं माज्याकडं बगत व्हता.  मी म्हणलं, "व्हय बाई. लई झ्याक खेळला. सांग मामंजींना."

आन तुमाला सांगतो, म्हातारा ऐकून खूश व्हईल. वळसंगात अख्खा धनगरवाडा म्हणंल, गडी असावा तर असा, हीच रीत, ह्येलाच उभा करा मदी! तितं ह्येला पाटी द्यायला कुणी ना म्हणणार न्हाय वो... पण तितं आट्यापाट्या खेळतंय कोण?

घ्या, च्या घ्या. गार व्हईल.