तीन राजं आणि एक नळी

रविवारी मटणाच्या दुकानापुढं रांगेत माझ्या पुढं पिराजीतात्या होते. त्यांच्यापुढं एक अनोळखी पावणं. तात्यांना तेवढं पुरतं.

“पावणं, सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार न्हाय. तीन राजं हातात असून मी हरलो!”

“तीन पत्तीत?”

“तीन पत्तीत मला कोण हरवतंय! पुण्याच्या जावयानं पोकर शिकवला. पाच-पाच पानं वाटली. जिंकंल त्याला रश्श्यातली नळी.”

“मग?”

“मी राजं आपटलं आणि नळीला हात घातला. तर म्हणतोय, ‘मामा, थांबा. माझा कलर आहे.’”

“कलर तर लई खाली की!”

“तेच म्हणतोय मी! आपल्यात तीन राजांवर फक्त तीन एक्के. आणि ह्यांच्यात पाच पानं नुसती एका रंगाची असली की राजं पालथं!”

“ह्यो कुठला न्याय?”

“घर सासऱ्याचं, पत्ते सासऱ्याचे, नळी सासऱ्याची! माझ्यासमोर बसून चोखली त्यानं, आवाज करून. आज बिननळीचंच मटण नेतो बघा.”

“कसला कलर व्हता त्याचा?”

“बदाम. राजा, नव्वी, सत्ती, पंजी, दुर्री.”

“आन् तुमचं राजं?”

“किलवर, चौकट, बदाम. एकापेक्षा एक!”

माझ्या मागनं बयाबाई कडाडल्या, “ओ तात्या, बदामचा राजा तुमच्याकडं व्हता, तर जावयाकडं कुठनं आला?”