चौथ्या गाण्यापर्यंत

...आणि वर मलाच विचारतात, ‘काय जोतिराम, यंदाचे तुझे आवडते अल्बम कुटले?’ काय सांगू? तुमाला सांगतो, चौथ्या गाण्यापर्यंत सगळेच चांगले हायेत. पुढचं मला म्हाईत न्हाय. हसा, हसा. आवो, दर डिसेंबरला मी वर्षातल्या नव्या अल्बमांची यादी काढतो, पहिला ते दहावा, आणि सिद्धरामच्या मोबाइलच्या दुकानात बसून वाचून दाखवतो. अख्ख्या सोलापुरात हे येड आमा दोघांनाच. आजवर न ऐकलेलं एक गाणं त्या यादीत आलं न्हवतं, कारण माझा नेमच हाय की अल्बम पूर्ण ऐकायचा असतो. मधी उठायचं न्हाय, मधी बोलायचं न्हाय, मधलं गाणं गाळायचं न्हाय. गाणाऱ्यानं वर्षभर डोकं लावून एकामागं एक गाणी मांडलेली असत्यात, आणि तुमी तिसरं ऐकून सातव्यावर उडी मारणार? जेवायला बसला की असं करता का, भाजीचा घास घेतला आणि उठून एकदम हात धुतला?

तर यंदा मार्चपासनं काय झालं बगा. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला. जेवण झालं की पावणेदोनला मशीनवर उभं राहायचं, कानात नवा अल्बम लावायचा. संध्याकाळी का न्हाय ऐकत म्हणाल, तर दिवसभर उभं राहून पाय भरल्याले असत्यात, पहिल्याच गाण्याला घोरतो मी. म्हणून दुपारीच. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं... दोन वाजले की चौथ्या गाण्यात आवाज गप! फोन बगावं तर त्यावर लिवल्यालं, ‘तुमचे खाते दुसऱ्या फोनवर सुरू आहे.’ कुटला दुसरा? माझ्याकडं एकच, त्याचीबी काच फुटल्याली. म्हणून मी पुन्हा लावायचा, की दोन मिंटात पुन्हा गप. मी पुन्हा लावायचा, पुन्हा गप... मीबी इरेला पेटलेला, सोडतोय व्हय? आमच्या सांगोल्याच्या पोरांचा ‘टँकर आला’ लावला, तर टँकर गावच्या वेशीपर्यंत आला आणि गप. सारंगीचा एक लई सुंदर अल्बम निघाला, ‘सव्वातीन’ म्हणून, तो माझ्याकडं दोनच्या पुढं गेलाच न्हाय. एकदा असाच आवाज गेला तसा दचकलो, मशीन वाकडी गेली, खाली साठ चड्ड्यांचं कापड एकावर एक, साठच्या साठ चड्ड्यांचा डावा पाय आखूड. शेट आले, एक चड्डी उचलून बगितली आणि शांतपणे म्हणले, ‘जोतिराम, ही कुठल्या शाळेची ऑर्डर घेतली रे आपण?’

सिद्धराम म्हणला, ‘तुझं खातं चोरलंय बे कुणीतरी. पासवर्ड बदल की, दोन मिंटाचं काम हाय.’ मी म्हणलो, बदलतो. आता त्या खात्याचा पासवर्ड तीन वर्षं एकच हाय, आणि तो का बदलवत न्हवता ते... सांगतो, सगळं सांगतो, मधी बोलू नका.

मग आला डिसेंबर. त्या ॲपवर वर्षाचा आढावा येतो की न्हाय, वर्षभर तुमी काय ऐकलं त्याचा, तो मी सिद्धरामच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचाय लागलो. ऐट हो, दुसरं काय. ‘या वर्षी तुमचा सर्वात लाडका अल्बम, छोट्यांची झोप, भाग तीन. चारशे बारा वेळा.’ सिद्धराम म्हणला, ‘यप्पा... चौतीस वर्षांचा घोडा तू, अंगाई लावून झोपतो?’ दुसरा नंबर, पावसाचा आवाज, तीन तास. तिसरा नंबर पंख्याचा आवाज! माझ्या खोलीत पंखा हाय की ओ, तो काय कमी आवाज करतो? आईला सांगोल्याला फोन केला, म्हणलो माझ्या फोनवर अंगाई वाजतीय. तर आई म्हणती, ‘आदी बायकू आन, मग पाळणा म्हण.’

आणि मग चौथा नंबर आला. ‘परतीची एसटी’. एका पोरीनं नुसत्या गिटारीवर गायलेली नऊ गाणी, जूनमधी आलेला, माझा यंदाचा पहिला नंबर तोच होणार होता. मी त्यातली चार ऐकली. आढाव्यात लिवल्यालं, नववं गाणं एकसष्ट वेळा ऐकलं. मी ते नववं एकदाबी ऐकलेलं न्हाय. एकदाबी न्हाय हो. मी तितंच स्टुलावर बसलो. कारण माझं खातं या जगात माझ्याशिवाय फक्त एका फोनवर हाय, आणि त्यात ते मीच घालून दिल्यालं.

पूनम. आमच्याच कारखान्यात काजबटणाला होती. जेवायच्या सुट्टीत कापडाच्या ताग्यांवर आमी बसायचो, इअरफोन एकच, एक कान तिचा, एक माझा. मला ती लई आवडायची. अजून आवडती, खोटं कशाला बोलू. तर एक दिवस असाच अल्बम चालल्याला, आणि ती हळूच म्हणली, ‘रविवारी मोडनिंबचे पाव्हणे मला बगाय येणार हायेत. तुमाला काय म्हणायचंय का?’

आणि मी काय म्हणलो असंन? सांगा की. मी बोट वर केलं आणि म्हणलो, ‘थांब, दोन गाणी राहिलीत.’

अल्बम पूर्ण ऐकायचा असतो ना.

ती थांबली. दोन्ही गाणी ऐकली. मग कानातली वायर काढली, बोटाला नीट गुंडाळली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणली, ‘छान होता.’ तवर भोंगा झाला. मला वाटलं उद्या बोलू. उद्या वाटलं परवा बोलू. पुढच्या सोमवारी ती पेढे घेऊन आली. मी दोन खाल्ले.

म्हणजे तिला बाळ झालंय. मला हे कुणी सांगितलं न्हाय, पंख्याच्या आवाजानं सांगितलं. दोन वाजता ती त्याला अंगाई लावून निजवती. माझा अल्बम चालू असतो तो तिच्या फोनवर दिसतो, लेकरू निजलं की तितनं पुढं ती ऐकती, पाचवं, सहावं, पार नवव्यापर्यंत. आणि मी येडा हितं इरेला पेटून पुन्हा लावायचो, तवा तितं मोडनिंबात अंगाई बंद पडून ते लेकरू दचकून उठत असंल हो. किती वेळा उठवलं असंल मी त्याला... सिद्धराम म्हणला, ‘मनात काय आणू नको बे, फोन आपोआपच पुढचं गाणं लावतो.’ म्हणलो व्हय, लावत असंल. एकसष्ट वेळा लावत असंल. त्यानं चहा सांगितला.

‘मग पासवर्ड?’ म्हणला. न्हाय बदलला. उलट आता दोनला पाच कमी असताना माझा मीच गाणं थांबवतो, कुणाची झोप मोडायला नको. यादीबी लिवली यंदाची. पहिला नंबर ‘छोट्यांची झोप, भाग तीन’. मी ऐकलेला न्हाय, पण चारशे बारा वेळा एक लेकरू झोपलंय म्हणल्यावर वाईट कसा असंल? दुसरा ‘परतीची एसटी’. सिद्धराम म्हणला, ‘अरे, रविवारी बसून त्याची उरलेली पाच गाणी तरी ऐकून घे की, तुझा नेम हाय ना!’

नेम हायच. अल्बम पूर्ण ऐकायचा असतो. चार सोलापुरात ऐकली, पाच मोडनिंबात. नऊ भरली की ओ.