सुंदरा म्हशीचं रडणं

(अर्धापूर. केळीच्या बागेतलं घर. पुण्याहून आलेला आदिनाथ आत्यासमोर बसलाय.)

आदिनाथ : आत्या, बंद पडलं म्हणलं ना ते कार्टून! टीव्हीवर दोन महिनेसुद्धा चाललं न्हाई. आता कशाला राग धरून बसलीस?

तुळजाबाई : टीव्हीवर पडलं बंद. लोकांच्या फोनात कुठं पडलंय? सुंदरा म्हशीची पेंड सांडती आन् ती माझ्या आवाजात हेल काढून रडती. ज्याच्या त्याच्या फोनात तेवढंच हाय.

आदिनाथ : तेवढंच तर लोकांना आवडलं. बाकी कुणी इचारलं न्हाई. डोळे फोडून चित्रं काढली मी, आन् चॅनलवाल्यांनी एका फोनवर गुंडाळून टाकलं.

तुळजाबाई : तुझं वाईट वाटतंय रे मला. पण खरं सांग, म्हशीला आवाज द्यायचाय हे तुला ठावं होतं का?

आदिनाथ : होतं.

तुळजाबाई : मग म्हातारीचं काम हाय असं का म्हणलास?

आदिनाथ : म्हैस म्हणलो असतो तर आली असतीस का तू? आमच्यात आधी आवाज घेतात, मग त्याच्यावर चित्र बसवतात. तुला कळणार न्हाई असं वाटलं.

तुळजाबाई : वा रे वा! स्टुडिओत काचेच्या पल्याड बसून म्हणलास, रड. मला खोटं रडू येईना. तर तूच म्हणलास, "आत्या, मामाला आठव."

आदिनाथ : हाव. म्हणलो.

तुळजाबाई : मग आठवलं की धन्याला. त्यांना दारात निजवलं होतं तवा जे बोलून रडले, तेच तोंडात आलं. "मला कुणाच्या हवाली करून चाललात हो!" खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली रे तुला त्या माणसानं. त्याच्यावरचं रडू तू पेंडीवर घातलंस.

आदिनाथ : आमच्या कंपनीच्या साहेबाला म्हणलो होतो, हे नको, दुसरं घेऊ. तो पोट धरून हसला. म्हणला, हेच ठेवायचं. मी नोकर माणूस, काय बोलू?

तुळजाबाई : काय बोलतोस! गप बसलास.

आदिनाथ : जाऊ दे ना आता. मी रिकामा बसून राहिलो, आत्या. लातूरचा एक क्लासवाला लहान पोरांसाठी गणिताचं कार्टून काढायलाय. त्याला सुंदराचाच आवाज पाहिजे. तू हो म्हणलीस तरच मला काम देतो. या वेळी नुसतं बोलायचं, रडायचं न्हाई.

तुळजाबाई : आन् ते जुनं? ते काढता येतंय का लोकांच्या फोनातून?

आदिनाथ : न्हाई. ते आता कुणालाच येत न्हाई.

तुळजाबाई : मग कोणत्या तोंडानं आलास?

आदिनाथ : लोक हसले तर हसले! एवढं काय बिघडलं त्यात?

तुळजाबाई : सांगते. परवा हदगावला आक्का गेली.

आदिनाथ : कळलं. मला यायला जमलं न्हाई.

तुळजाबाई : तुझीबी आत्याच होती ती. मला तर आईच्या जागी. दारात पाय ठेवला, बाया गळ्यात पडायला उठल्या. मी हेल काढला, आन् वट्यावरची पोरं फिसकन हसली. आक्काची नातवंडं रे! एक म्हणलं, "आली सुंदरा." बापानं कानफडात दिली त्याच्या. पण मी बघितलं, बापबी हसू दाबून राहिला होता.

आदिनाथ : आत्या...

तुळजाबाई : मी तोंडात पदर कोंबला. तिला उचलून नेईस्तोर तशीच बसले.

आदिनाथ : चुकलं माझं. क्लासवाल्याला न्हाई म्हणून सांगतो.

तुळजाबाई : सांग, न्हाईतर नको सांगू. चहा घे, निवून राहिला. आक्कासाठी रडायचं माझं राहूनच गेलं.